सरखेलीची वाटणी : कुलाब्याचे आरमार आणि मराठी राज्याची अस्थिरता

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर सोळावे वर्ष चालू असतानाच, १६८९ च्या नोव्हेंबरात, ती राजधानी मोगल सरदार झुल्फिकारखानाच्या हाती गेली. पुढे औरंगजेबाने तो गड जंजिऱ्याच्या सिद्दीकडे सोपवला आणि १७३३ च्या जूनपर्यंत, म्हणजे सुमारे ४४ वर्षे, मराठी राज्याची मूळ राजधानी मराठ्यांच्या ताब्याबाहेर राहिली. या काळात राज्य बुडाले नाही, उलट नर्मदेपलीकडे पसरू लागले. पण गादी कोणाची, आणि गादीचा हुकूम कोणत्या सरदाराने कुठवर मानायचा, हे दोन प्रश्न दर वेळी नव्याने, कधी तलवारीने तर कधी सौद्याने, सोडवावे लागले. १६८०, १६८९, १७०० आणि १७०७ अशा चार प्रसंगी वारसाचा पेच पडला आणि शेवटच्या पेचातून सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या कायमच्या झाल्या. देशावर, म्हणजे घाटमाथ्यापलीकडच्या मुलखात, या अस्थिरतेचे परिणाम बराच काळ झाकले गेले, कारण तेथे नाराज सरदाराला नव्याने जिंकलेला मुलूख देऊन शांत करता येत असे. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत अशी मोकळी जागा नव्हती. तेथे एकाला द्यायचे म्हणजे दुसऱ्याचे काढून घ्यावे लागे. आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आंग्र्यांच्या आरमाराचे जे झाले, ते या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

या किनाऱ्याला निसर्गाने काही कमी दिले नव्हते. सावित्री, कुंडलिका आणि अंबा या नद्यांच्या खाड्या आणि राजपुरीची खाडी आतपर्यंत शिरलेल्या असल्याने डोंगरातले सागवान पाण्याच्या वाटेने बांधणीच्या जागी आणता येई. कोळी, भंडारी, खारवी, दालदी अशा जातिजमातींत पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर वावरलेली माणसे होती. आणि चौलसारखे जुने बंदर याच पट्टीत होते, जरी त्याचा भरभराटीचा काळ तोवर सरत आला होता. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यानंतर शिवाजी महाराजांनी जहाजबांधणी सुरू केली. १६७९ मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर मायनाक भंडारी याच्या देखरेखीखाली तटबंदी उभी राहू लागली, तेव्हा इंग्रजांनी आपली गलबते पाठवून ती अडवण्याचा प्रयत्न केला. १८ ऑक्टोबरच्या लढाईत ‘डोव्हर’ हे त्यांचे गुराब मराठ्यांच्या हाती लागले आणि अखेर बेट मराठ्यांकडेच राहिले. त्यापाठोपाठ शेजारच्या उंदेरी बेटावर सिद्दीने तळ ठोकला, ही गोष्टही नोंदवली पाहिजे, कारण या किनाऱ्यावर कोणतेही यश शेजाऱ्याच्या नजरेखालीच पदरात पडत असे. अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांत सुरू झाले आणि छत्रपती संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत पुरे झाले.

या आरमाराची ताकद कशात होती, हे त्याच्या लढण्याच्या रीतीवरून कळते. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, रुंद पोटाचे आणि नाळेकडे निमुळते होत गेलेले जहाज. त्याच्या नाळेवर पुढे मारा करणाऱ्या दोन मोठ्या तोफा असत. गलबत हे त्याहून लहान व हलके, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. परक्याचे जहाज दृष्टीस पडले की आठ-दहा गुराबे आणि चाळीस-पन्नास गलबते नांगर सोडून एकदम बाहेर पडत. वारा पडलेला असला तर गलबतेच दोरांनी गुराबांना ओढून नेत, आणि वाऱ्यावर अवलंबून असलेले उंच युरोपीय जहाज जागीच अडकून पडले की सारा ताफा त्याच्या पिछाडीला लागे, कारण बाजूच्या तोफांचा मारा तेथवर पोहोचत नसे. आधी शिडे आणि डोलकाठ्या तोडायच्या, जहाज पांगळे झाले की गलबतांतली माणसे चहूबाजूंनी वर चढवायची, अशी ही पद्धत होती. ती उथळ पाणी, खाड्या आणि किनाऱ्यालगतचे वारे यांच्या पक्क्या माहितीवर उभी होती. तिची उणीवही तेथेच होती: मोठ्या तोफा आणि चांगला दारूगोळा यांसाठी परकीयांकडे पाहावे लागे, आणि खोल समुद्रात, भर वाऱ्यात, हा ताफा कमी पडे. दोन-तीन पिढ्या सलग पैसा आणि लक्ष मिळाले असते तर ही उणीव भरून निघणे अशक्य नव्हते; पण तशी सलगता कधी मिळालीच नाही.

विचाराच्या पातळीवर राज्यकर्त्यांना समुद्राचे महत्त्व कळत नव्हते, असे म्हणता येत नाही. रामचंद्रपंत अमात्याच्या नावावर असलेल्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतिपर ग्रंथात आरमाराला राज्याचे एक स्वतंत्र अंग मानले आहे, टोपीकरांना, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना, किनाऱ्यावर पक्की ठाणी बांधू देऊ नयेत असे बजावले आहे आणि जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेची आंब्या-फणसाची झाडे तिच्या राजीखुशीशिवाय घेऊ नयेत इतक्या बारकाव्यात तो ग्रंथ शिरला आहे. विशेष म्हणजे हा ग्रंथ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, कोल्हापूरच्या गादीच्या आश्रयाने लिहिला गेला, म्हणजे राज्य दोन ठिकाणी फाटल्यानंतर. आणि ज्या आरमाराचे वर्णन त्यात आहे त्याचा मोठा भाग तेव्हा साताऱ्याच्या बाजूला गेलेला होता.

तो गेला कसा, हे पाहण्यासारखे आहे. आरमाराचा प्रमुख सिधोजी गुजर १६९८ मध्ये वारला आणि सरखेली, म्हणजे आरमाराच्या प्रमुखाचे पद, कान्होजी आंग्रे याच्याकडे आले. छत्रपती राजाराम आणि त्यांच्यानंतर ताराबाई मोगलांशी झुंजत असताना कान्होजीने किनारा जवळजवळ स्वतःच्या बळावर राखला. वरून पैसा येत नव्हता, म्हणून तो जकात, लूट आणि दस्तकांची फी यांतून उभा केला. दस्तक म्हणजे समुद्रावरून जाण्याचा परवाना; पोर्तुगीजांनी ‘कार्ताझ’ या नावाने हीच प्रथा दोनशे वर्षे आधी सुरू केली होती, इंग्रज कंपनीही असेच परवाने देत असे, आणि तरीही मुंबईकर इंग्रजांच्या कागदपत्रांत कान्होजी तेवढा चाचा ठरला. १७०७ मध्ये छत्रपती शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि यादवी सुरू झाली तेव्हा कान्होजी ताराबाईंच्या बाजूला होता. १७१३ मध्ये शाहूंनी आपला पेशवा बहिरोपंत पिंगळे याला त्याच्यावर पाठवले. कान्होजीने घाट चढून लोहगड आणि राजमाची घेतली आणि पेशव्यालाच कैद केले. तेव्हा शाहूंनी बाळाजी विश्वनाथ भट याला पेशवेपद देऊन बोलणी करायला धाडले. बाळाजी मूळचा श्रीवर्धनचा, सिद्दीच्या जाचामुळे कोकण सोडून वर गेलेला, आणि कान्होजीला ओळखणारा. १७१४ च्या आरंभी तह झाला: कान्होजीने शाहूंना धनी मानले, बहिरोपंताला सोडले, बदल्यात सरखेली कायम झाली आणि खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग यांसह दहा मोठे किल्ले व सोळा लहान ठाणी त्याच्या स्वाधीन झाली. ज्याने राज्याच्या पंतप्रधानाला कोठडीत घातले त्यालाच राज्याने वर्षाच्या आत मानाची वस्त्रे द्यावीत, यात शाहूंच्या बाजूने शहाणपण होते, आणि लाचारीही तितकीच होती.

या तहाने यादवीचा एक मोठा भाग संपला, म्हणून इतिहासकारांनी तो बाळाजीच्या मुत्सद्देगिरीचा नमुना मानला आहे आणि ते योग्यच आहे. पण त्याच तहात पुढच्या अनर्थाचे बीजही होते. किल्ले आणि महसूल आरमार नावाच्या खात्याकडे न जाता कान्होजी नावाच्या माणसाकडे गेले. सरंजाम, म्हणजे फौज बाळगण्यासाठी नेमून दिलेला महसूल, आणि वतन, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा हक्क, यांतला भेद कागदावर स्पष्ट असला तरी व्यवहारात सरंजाम लवकरच वतन होऊन बसे; सरखेलीचेही तेच झाले. त्याच १७१४ साली इंग्लंडमध्ये राणी ॲन निपुत्रिक वारली आणि जर्मनीतला जॉर्ज गादीवर आला. परंतु वारसाचा हा क्रम १७०१ च्या कायद्याने आधीच ठरलेला होता, आणि राजा बदलला म्हणून तेथील नौदलाची गोदी, कोठारे किंवा पगारपत्रके कोणाच्या भावाकडे गेली नाहीत. मराठ्यांशी किनाऱ्यावर झुंजणारा शत्रू संख्येने थोडा होता. त्याच्या मागे असलेली व्यवस्था मात्र माणसांच्या मरणाने तुटणारी नव्हती.

कान्होजी हयात होता तोवर हा फरक दिसून आला नाही. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२० मध्ये विजयदुर्गावर केलेल्या मोहिमा फसल्या. १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज कमोडोर थॉमस मॅथ्यूज आणि पोर्तुगीज व्हाइसरॉय यांनी मिळून कुलाब्यावर चाल केली, तेव्हा साताऱ्याकडून पहिला बाजीराव फौज घेऊन खाली उतरला. पोर्तुगीजांनी जानेवारी १७२२ मध्ये मराठ्यांशी वेगळा तह केला आणि इंग्रजांना हात हलवीत परत जावे लागले. राज्याची घोडदळाची ताकद आणि समुद्रावरची ताकद एका दिशेने वळली तर काय होते, याचा हा सर्वांत स्पष्ट दाखला; दुर्दैवाने असे दाखले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारला. त्याच्यामागे सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी आणि धोंडजी असे सहा मुलगे, वेगवेगळ्या आयांचे, राहिले. थोरला सेखोजी सरखेल झाला आणि तो कर्तबगारही होता. पण १७३३ च्या जंजिरा मोहिमेत राज्याच्या दोषांची सगळी यादीच वाचायला मिळते. त्या वर्षी सिद्दी रसूल याकूत वारला आणि जंजिऱ्यातही वारसाची भांडणे लागली. ही संधी साधून बाजीराव मे महिन्यात राजपुरीला आला. योजना अशी होती की जमिनीवरून पेशव्याने आणि समुद्रावरून सेखोजीने एकाच वेळी जोर लावायचा. इतक्यात श्रीपतराव प्रतिनिधी, जो दरबारात पेशव्याचा प्रतिस्पर्धी होता, त्याच्या माणसांनी ८ जूनला किल्लेदाराला फितवून रायगड परस्पर घेतला. राजधानी परत आली, याचा साताऱ्यात आनंद झाला असणारच. मोहिमेवर मात्र रायगड घेतला कोणी आणि श्रेय कोणाचे यावरून मने फाटली. पावसाळ्यात आरमार खाडीत अडकले, ऑगस्टमध्ये सेखोजी अचानक वारला आणि वर्षअखेर बाजीरावाने सिद्दीच्या अर्ध्या मुलखावर समाधान मानून तह केला. जंजिरा घेण्याची इतकी चांगली संधी पुन्हा आली नाही.

सेखोजीनंतर संभाजी सरखेल झाला आणि त्याचे मानाजीशी लगेच बिनसले. १७३४ च्या सुमारास मानाजीने चौल-रेवदंड्याच्या पोर्तुगीजांची मदत घेऊन कुलाबा काबीज केला आणि तेथे असलेल्या येसाजीचे, म्हणजे स्वतःच्या भावाचे, डोळे काढले. पुढे पोर्तुगीज उलटले तेव्हा मानाजीने पेशव्याकडे धाव घेतली. १७३५ मध्ये बाजीरावाने वाद मिटवला तो नारळीच्या बागेची भावाभावांत वाटणी करावी तसा: दक्षिणेकडचे सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सरखेल हा किताब संभाजीला, उत्तरेकडचे कुलाबा-खांदेरी आणि ‘वजारतमाब’ असा नवा किताब मानाजीला. या मध्यस्थीच्या मोबदल्यात कोथळीगड आणि राजमाची हे घाटाच्या तोंडावरचे दोन किल्ले पेशव्याकडे आले. बाजीरावाने आरमार दुबळे करण्यासाठीच हे केले, असा आरोप होतो. तो पूर्णपणे खरा मानण्याचे कारण नाही, कारण भाऊ एकत्र नांदायला तयार नव्हते हे उघड होते. पण दोन्ही बाजू आपल्यावर अवलंबून राहतील अशी वाटणी पेशव्याला गैरसोयीची नव्हती, हेही तितकेच उघड आहे. बाग वाटली तर प्रत्येकाला नारळ तरी मिळतात. आरमार वाटले की कोणाकडेच आरमार उरत नाही, आणि ही गोष्ट मुंबईकर इंग्रजांच्या चांगलीच ध्यानात आली.

ती त्यांनी १७४० मध्ये वापरलीही. संभाजीने अलिबाग, थळ आणि सागरगड घेऊन कुलाब्याला वेढा घातला. ओहोटीला अलिबागच्या पुळणीवरून चालत किल्ल्यापर्यंत जाता येते आणि भरतीला तोच किल्ला चारी बाजूंनी पाण्यात उभा असतो. किनारा शत्रूच्या हाती असला की आतल्या शिबंदीची कोंडी व्हायला वेळ लागत नसे. संभाजीने किल्ल्याचा गोड्या पाण्याचा पुरवठाच तोडला. मानाजीने एकाच वेळी पेशव्याला आणि इंग्रजांना हाक मारली. पेशव्याचा मुलगा बाळाजी, म्हणजे पुढचा नानासाहेब, जमिनीवरून आला, इंग्रजांची जहाजे समुद्रावरून आली आणि संभाजीला सुवर्णदुर्गाकडे पळ काढावा लागला. याच एप्रिलमध्ये बाजीराव नर्मदाकाठी वारला. वीस वर्षांपूर्वी ज्या किल्ल्यावर इंग्रजांनी तोफा डागल्या होत्या त्याच किल्ल्याच्या रक्षणाला आता त्यांची जहाजे उभी होती. पेशव्याचे सैन्य आणि कंपनीची जहाजे एका आंग्र्याविरुद्ध एकत्र येऊ शकतात, हा पायंडा येथे, कुलाब्याच्या पाण्यात पडला; विजयदुर्गाला पुढे जे झाले त्याचे नवल वाटू नये.

संभाजीनंतर दक्षिणेकडची गादी तुळाजीकडे आली. तुळाजी धाडसी दर्यावर्दी होता, तसाच तो हेकट होता. शेजारच्या मराठी मुलखातही त्याने लूट केली, आणि डिसेंबर १७४९ मध्ये शाहू वारल्यावर तर पेशव्याचा हुकूम मानण्याचे त्याला काही कारणच दिसेना, कारण त्याच्या हिशेबाने तो छत्रपतींचा चाकर होता, पेशव्याचा नव्हे. कायद्याच्या दृष्टीने हे म्हणणे अगदी चुकीचे होते असे नाही, आणि म्हणूनच ते मिटण्यासारखे नव्हते. १७५५ च्या मार्चमध्ये पेशव्याच्या वतीने कोकणचा सुभेदार रामाजी महादेव बिवलकर आणि मुंबईकर यांच्यात करार झाला. एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला. १३ फेब्रुवारी १७५६ रोजी ॲडमिरल वॉटसन आणि कर्नल क्लाइव्ह यांच्यापुढे विजयदुर्ग पडला, त्याआधी बंदरातल्या जहाजांना आग लागून आंग्र्यांचे जवळजवळ सगळे आरमार जळाले होते, आणि किल्ल्यातली सुमारे दहा लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. किल्ला पेशव्याला देण्याचे ठरले असूनही इंग्रजांनी तो ऑक्टोबरपर्यंत सोडला नाही. नव्या तहाने सावित्रीच्या मुखावरचे बाणकोट आणि आसपासची दहा गावे त्यांच्याकडे पक्की झाली.

नानासाहेबाने मराठ्यांचे आरमार बुडवले, हे वाक्य मराठी वाचकाच्या इतके परिचयाचे आहे की त्यातली घाई लक्षात येत नाही. पेशव्याचे स्वतःचे आरमार वसईला होते, विजयदुर्ग परत मिळाल्यावर आनंदराव धुळप याच्या हाताखाली तेथेही ते उभे राहिले आणि १७८३ मध्ये त्याने ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज पकडले. कुलाब्याचे, कोल्हापूरकरांचे मालवणचे आणि वाडीकर सावंतांचे ताफे निराळे. जहाजे, खलाशी आणि लढण्याची हिंमत १७५६ नंतरही या किनाऱ्यावर होती. नव्हते ते या चार-पाच ताफ्यांना एक खजिना, एक तोफखाना आणि एक हुकूम देणारे ठिकाण, आणि ते १७५६ च्या आधीही नव्हते. व्यापाराचेही तसेच. दस्तकाच्या फीवर जगणाऱ्या आरमाराला दुसऱ्यांच्या जहाजांवरचा माल हवा होता. स्वतःचा माल एडनला किंवा बसऱ्याला नेणारी मराठी व्यापारी जहाजे मोठ्या संख्येने उभी करायची, त्यांना सावकारांचे भांडवल मिळवून द्यायचे आणि आरमाराने त्यांचे रक्षण करायचे, यासाठी सावकाराला निदान दहा वर्षे पुढचे दिसावे लागते. भावांच्या लढाईत बंदर कोणाचे हे दर दोन वर्षांनी बदलत असेल तर तो आपली पेढी मुंबईला नेतो, आणि सावकारांनी तेच केले. पश्चिमेला ओमानच्या यारूबी इमामांचे असेच घडले: १६९८ मध्ये पोर्तुगीजांकडून मोंबासा घेणारे त्यांचे आरमार १७१९ नंतरच्या वारसाच्या यादवीत खिळखिळे झाले.

कुलाब्याच्या बाबतीत स्थैर्य आले की काय होऊ शकत होते, याची झलक पहिल्या रघूजीच्या काळात मिळते. मानाजी १७५८ मध्ये वारला. त्याच्यामागून आलेल्या रघूजीने १७९३ पर्यंत निर्वेधपणे राज्य केले, १७६० मध्ये पेशव्याबरोबर मिळून सिद्दीकडून उंदेरी घेतली, कुलाबा किल्ल्यात सिद्धिविनायकाचे देऊळ बांधले. १७७१ मध्ये अलिबागला आलेल्या जेम्स फोर्ब्झ या इंग्रजाला तेथील बागा आणि देवळे लिहून ठेवण्याजोगी वाटली. रघूजी वारला, मुलगा अल्पवयीन, आणि पुन्हा तेच सुरू झाले. जयसिंग आंग्रे आणि शिंद्यांशी नात्याने जोडलेला बाबूराव आंग्रे यांच्या झगड्यात जयसिंग कैद झाला. त्याची पत्नी सकवारबाई हिने खांदेरी लढवत ठेवली, नवऱ्याला सोडण्याच्या वचनावर किल्ला खाली केला, आणि वचन मोडून जयसिंगाला मारण्यात आले व तिला कैदेत टाकण्यात आले. जंजिऱ्याचे सिद्दी घराणे भांडणांपासून मुक्त होते असे नाही. पण तेथे प्रमुख निवडताना सिद्दी सरदारांच्या संमतीला वजन असे, मुलूख भावांत वाटला जात नसे, आणि ते छोटे संस्थान शिवाजी, संभाजी, बाजीराव या सर्वांच्या मोहिमांतून वाचून १९४८ पर्यंत टिकले.

बाबूराव १८१३ मध्ये वारला, दुसरा मानाजी चार वर्षे गादीवर राहिला आणि १८१७ मध्ये दुसरा रघूजी आला. पेशवाई १८१८ मध्ये संपल्यावर कुलाब्याचा धनी बदलला. जून १८२२ च्या तहाने रघूजीने इंग्रजांचे वर्चस्व मान्य केले आणि गादी रिकामी झाल्यास नव्या वारसाला वस्त्रे देण्याचा अधिकार कंपनी सरकारने आपल्याकडे राखून ठेवला. रघूजी डिसेंबर १८३८ मध्ये वारला, त्याचा तान्हा मुलगा कान्होजी पुढच्याच वर्षी दगावला, राण्यांनी दत्तक घेण्याची परवानगी मागितली आणि ती नाकारली गेली. १८४० मध्ये, डलहौसीने साताऱ्याची गादी खालसा करण्याच्या आठ वर्षे आधी, कुलाबा कंपनीच्या मुलखात सामील झाला.